हिंदुरावांचं पहिलं इंजिन

या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या युनियनचे ज्येष्ठ नेते आदरणीय लक्ष्मणराव. प्रमुख पाहुण्या, या प्लँटच्या प्रमुख मैत्री मॅडम. व्यासपीठावर नवी पैठणी नेसून एकट्याच बसलेल्या आमच्या सुभद्रावहिनी. पहिली शिफ्ट सुटूनही बस सोडून इथं थांबलेली आणि दुसऱ्या शिफ्टला जरा उशिरा येतो म्हणून सांगून आलेली समस्त मंडळी. आणि वहिनींच्या शेजारची ती मोकळी खुर्ची. तिलाही माझा नमस्कार, कारण आजचे सत्कारमूर्ती तिच्यावर बसलेले असायला पाहिजे होते.

ते कुठं आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. कोसा फेटा, नवा कोट, गळ्यात झेंडूचा हार, आणि डोकं बॉनेटखाली, अशा अवस्थेत हिंदुराव या हॉलच्या मागच्या पटांगणात आहेत. ज्यांना आत्ता खुर्ची मिळाली आणि मघाचा प्रकार पाहता आला नाही, त्यांच्यासाठी मी सगळं सांगणार आहे. मला दोन मिनिटं बोलायला दिली होती. आता अध्यक्ष कानात म्हणाले, "कोंडाजी, तिकडचं होईस्तोवर हॉल सांभाळा." एरवी माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो. आज तो मला बांधून दिलाय म्हणा ना.

माझी ओळख बऱ्याच जणांना आहे. मी कोंडाजी, मोशीचा. बापजाद्यांची शेती होती, तिथं आता तुमच्यासारख्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत. चिखलीत माझा गाळा आहे आणि मी जुनी इंजिनं विकतो. ठोकलेल्या, भंगारात निघालेल्या गाड्यांतून चांगली इंजिनं काढायची आणि ज्याचं इंजिन बसलं त्याच्या गाडीत टाकून द्यायची, हा माझा धंदा. हिंदुराव कोल्हापूरकडून नोकरीला आले, तेव्हा पहिली खोली त्यांनी आमच्या चाळीत घेतली. पुढं आकुर्डीला फ्लॅट झाला, पण रविवारचा चहा माझ्याकडंच. आमची मैत्री आहे असं लोक म्हणतात. मला विचाराल तर आमचं एक भांडण आहे, ते चालू ठेवायला आम्ही भेटतो.

भांडण काय आहे? तर हिंदुरावांची एक छोटी गाडी आहे, तीन सिलिंडरची, आठशे सीसीची. स्वरूपा, म्हणजे त्यांची मुलगी, बालवाडीत होती तेव्हा घेतलेली, तीही दुसऱ्या हातची. त्या गाडीनं या कुटुंबाला कोल्हापूरला नेलं, आणलं, लेकराला शाळेत सोडलं, आणि एके दिवशी निळा धूर सोडून सोसायटीच्या पार्किंगमध्ये जी बसली ती बसलीच. वर ताडपत्री आली. ताडपत्रीवर मांजरं आली.

मी म्हणालो, "हिंदुराव, माझ्याकडं याच घराण्यातलं हजार सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन पडलंय. घोड्यासारखं पळंल. सकाळी गाडी द्या, संध्याकाळी न्या."

ते म्हणाले, "नको ओ. हेच बांधतो."

आता मला सांगा, मैत्री मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, यात शहाणपण कुणाचं? आठशे सीसीचं किफायतशीर इंजिन. भाजी आणायला, पेट्रोल वाचवायला केलेलं. ते उतरवा, बोअर करा, मोठे पिस्टन घाला, नव्या रिंगा घाला, हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, हलकं प्लेन मारा, हवा जायची वाट घासून गुळगुळीत करा. वर्षभर खपा. आणि एवढं करून ताकद वाढणार किती? रावेतच्या पुलावर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा, तो आता वाजवणार नाही, एवढीच. त्याच वेळात मी दहा गाड्यांची इंजिनं बदलून देतो.

आमच्या घरात शर्यतीचे बैल होते. खोंड कमी पळाला की वडील दोनच गोष्टी करायचे. एक तर खुराक वाढवायचा, नाही तर चाकणच्या बाजाराची वाट धरायची. वडील बहुतेक वेळा बाजार धरायचे, आणि मी त्यांचाच मुलगा.

पण खरं बोललं पाहिजे, हॉलमध्ये पुष्कळ जाणकार बसलेत. बदलण्यातही खोड्या असतात. भोसरीचा एक पैलवान गिऱ्हाईक हट्टाला पेटला, की माझ्या छोट्या गाडीत जीपचं इंजिन टाक. मी नाही म्हणालो. त्यानं दुसरीकडून टाकून घेतलं. बॉनेट लागेना, तर पत्र्याला भोक पाडलं आणि वर लोखंडी घमेलं उलटं वेल्ड केलं. पुढचा भाग वजनानं असा वाकला, की गाडी कायम रस्त्यावर काही तरी हरवल्यासारखी बघत चालायची. ब्रेक जुनेच, रेडिएटर जुनाच. आरटीओच्या साहेबानं ते घमेलं पाहिलं आणि हसू आवरेना म्हणून आत निघून गेला. पासिंग काही झालं नाही. हे हिंदुराव मला दर रविवारी ऐकवतात. मी म्हणतो, ते मी केलेलं न्हाई. ते म्हणतात, पण जात तीच.

व्हॉल्व्हच्या स्टेशनवरचे आपले बुद्धरत्न तिथं दारात उभे आहेत. पटांगणातलं त्यांना दिसतंय आणि मला ते दिसतायत. काय बुद्धरत्न? ... मान हलवतायत. अजून नाही. ठीक. मी बोलतो.

तर एका रविवारी मी जरा चिडलो. म्हणालो, "अहो, तुमी आयुष्यभर इंजिनच बांधली की कंपनीत. अजून हौस फिटली न्हाई व्हय?"

हिंदुरावांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "कोंडाजीराव, मी एकबी इंजिन बांधलेलं न्हाई."

मला वाटलं थट्टा करतायत. पण इथं बसलेल्या तुम्हा सगळ्यांना ते लगेच कळेल. तुमच्या लाइनवर इंजिन पुढं सरकत येतं. एकजण पिस्टन बसवतो, एकजण व्हॉल्व्ह, एकजण हेड. आपल्या समोर आलं की आपलं काम करायचं, पुढं पाठवायचं. हिंदुरावांकडं कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. आयुष्यभर तेवढेच. शेवटाला इंजिन टेस्टिंगच्या खोलीत जातं आणि तिथं दुसरंच कुणी तरी ते सुरू करतं, काचेमागं, दार लावून. हिंदुराव म्हणाले, "रस्त्यावर गाडी दिसली की वाटतं, हिच्यात माझे बोल्ट हायत. पण माझं इंजिन हाय, असं कुठल्याच गाडीला म्हणता येत न्हाई. रिटायर व्हायच्या आधी एक तरी पहिल्या बोल्टापासून शेवटपर्यंत माझ्या हातानं बांधायचं. आणि सुरूबी मीच करायचं."

मी त्यांचा कप पुढं सरकवला. म्हणालो, "चहा घ्या, निवतोय."

आता आपल्या या पट्ट्यातली रीत तुम्हाला सांगायला नको. माणूस रिटायर झाला की सजवलेल्या उघड्या जीपमध्ये बसवायचं, पुढं बँजो, गुलाल, आणि गेटपासून घरापर्यंत वाजत न्यायचं. हिंदुरावांनी वर्षापूर्वीच युनियनला सांगून टाकलं: जीप नको. मी गेटमधून माझ्या गाडीत जाणार, मी बांधलेल्या इंजिनावर, शेजारी सुभद्रा. मॅडमनी ट्रेनिंग शेडचा एक कोपरा वापरायला दिला, त्याबद्दल त्यांचे आभार मी शेवटी मानणार आहे, पण आत्ताही मानतो.

आणि मग जी गंमत सुरू झाली ती या हॉलनं पाहिलीय. बोल्ट सोडले तर हिंदुरावांना बाकीचं काही येत नव्हतं. हे मी अपमान म्हणून सांगत नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होते. चहाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या स्टेशनवर जाऊन उभे. "रिंगेचं तोंड कुठल्या बाजूला ठेवतोस, दाखव की." "व्हॉल्व्ह घासून कसा बसवतोस?" पांढऱ्या मिशीचा माणूस, आणि कालच्या पोरांना गुरुजी म्हणायचा. पोरं लाजायची, मग खुशीत येऊन शिकवायची. मात्र शेडमध्ये कुणी मदतीला गेलं की हिंदुराव पाना पाठीमागं लपवायचे. "लांब उभं राहून सांगायचं. हात लावायचा न्हाई." सगळी लाइन त्या शेडच्या दारात उभी राहून तोंडानं इंजिन बांधत होती. कुणी म्हणे, जास्त आवळू नका. कुणी म्हणे, तेल लावा, तेल लावा. सुभद्रावहिनींना विचारा, घरी तर भिंतीला टेकवलेलं क्रँकशाफ्ट होतं. पाहुणे विचारायचे, हे काय? वहिनी सांगायच्या, "माझी सवत हाय. दिवाळीपर्यंत ऱ्हाईल."

वहिनी हसल्या. बरं झालं, मघापासून त्या हसल्या नव्हत्या.

मी आपलं सांगत होतो, की बाबा रे, आधी एकदा सुरू करून बघ. समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा कशाला? तर म्हणाले, पहिला स्टार्ट लोकांसमोर. लग्न आधी एकदा करून बघतात का? मी म्हणालो, मग माझी खबरदारी मी घेतो. म्हणून मी आज येताना टेम्पोत माझं हजार सीसीचं इंजिन टाकून आणलंय. बाहेर उभा आहे टेम्पो. हसू नका. हिंदुरावांनी तो पाहिला आणि मला गाडीजवळून हाकललं. म्हणाले, "तुमची नजर चांगली न्हाई. तुमी आत जाऊन भाषण करा."

तर मघाशी काय झालं? पहिल्या स्टार्टला इंजिनाच्या तोंडात चमचाभर पेट्रोल घालतात, म्हणजे ते चटकन धरतं. त्यासाठी हिंदुरावांनी एअर फिल्टरचं झाकण काढून ठेवलं होतं. कार्ब्युरेटर आ करून वर बघत होता. वहिनींनी औक्षणाचं तबक आणलेलं. इंजिनाला कुंकू लागलं, ओवाळून झालं. इथंपर्यंत सगळं यथासांग. इतक्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं, की एवढा नटलेला नवरदेव आहे तर मंगलाष्टकं होऊन जाऊ द्यात. झालं. कँटीननं परातभर तांदूळ दिला, कुंकू कालवलं, मुठी भरल्या, आणि दोन्ही शिफ्टच्या आवाजात मंगलाष्टकं सुरू झाली. स्वरूपा चावीला हात लावून आत बसलेली. ठरलं असं, की शेवटच्या "सावधान"ला तिनं बापाला चावी द्यायची. आपल्या मंडळींनी "सावधान" म्हटलं आणि अक्षता टाकल्या. कशा टाकल्या? भाच्याच्या लग्नात टाकतो तशा, मोकळ्या हातानं, वर उडवून. चारशे-पाचशे माणसांच्या अक्षता. आणि हिंदुरावांना तेवढाही धीर धरवला नाही. त्यांनी खिडकीतून हात घालून स्वतःच चावी फिरवली.

इंजिनानं धरलं. मी शपथेवर सांगतो, धरलं होतं. दोन-तीन फेरे घेतले, मग खाकरलं, शिंकलं आणि गप्प झालं. हिंदुरावांनी आत वाकून पाहिलं. कार्ब्युरेटरच्या तोंडात लाल तांदूळ.

इंजिनाच्या पोटात अन्न गेलं म्हणून तुम्ही हसताय. मीही हसलो. पण हिंदुरावांनी वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि माझं हसू तिथंच थांबलं. मधल्या सिलिंडरला दाबच येत नव्हता. याचा अर्थ तांदळाचा दाणा व्हॉल्व्हच्या फटीत अडकलाय, व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाहीये. दाणा बाहेरून हवा मारून निघाला तर ठीक. नाही निघाला तर हेड उघडायचं, आणि हेड उघडलं की ते आज परत बसत नाही. उद्या? उद्या हिंदुरावांचा गेटपास चालत नाही. उद्या ती गाडी या गेटातून टेम्पोवर चढून जाईल, आणि आज हिंदुराव सगळ्यांसारखे जीपमधून. जीप लक्ष्मणरावांनी हळूच मागवून ठेवलीय. मला मघाशी दिसली. वहिनींनाही दिसली असणार.

बुद्धरत्न? ... अजून नाही.

मंडळी, एक गोष्ट मी मनातली बोलून टाकतो. माझा टेम्पो बाहेर आहे. मी अजूनही म्हणतो, की इंजिन बदलणं सोयीचं. ज्याला उद्या सकाळी कामावर पोचायचंय त्यानं बदलावं, माझ्याकडं यावं, मी योग्य माल देईन. पण गेला अर्धा तास मी इथं उभा राहून तुमच्याशी बोलतोय आणि माझा एक कान मागच्या पटांगणात आहे. माझ्या गाळ्यातून आजवर किती इंजिनं गेली असतील. एकाही इंजिनासाठी माझा असा कान लागून राहिला नव्हता. हे बरोबर नव्हे. धंद्याला तर अजिबात बरोबर नव्हे.

काय झालं? थांबा, बुद्धरत्न काही तरी सांगतायत. मोठ्यानं बोला, माईक नको, सगळे गप्प आहेत.

ऐकलंत? हिंदुरावांनी निरोप पाठवलाय. जसाच्या तसा सांगतो: "व्हॉल्व्हवाल्यांना बाहेर पाठवा. अक्षता सगळ्यांनी टाकल्या, काढायलाबी या म्हणावं. आता हात लावला तर चालतंय."

जा बुद्धरत्न, पळा. व्हॉल्व्ह तुमचं स्टेशन. नाही, नाही, सगळे उठू नका. बाकीच्यांनी बसा. तुम्ही सगळे गेलात तर कुणी तरी पुन्हा परात घेऊन येईल. बसा, लक्ष्मणराव सांगतायत, बसा.

वर्षभर ज्या माणसानं कुणाला पान्याला हात लावू दिला नाही, त्यानं आत्ता बोलावलं. मला वाटतं आज सत्कार झाला तो एवढाच, शाल-नारळ आपण उगाच आणला. बुद्धरत्नांना मी चांगलं ओळखतो. त्यांनीच हिंदुरावांना व्हॉल्व्ह शिकवला आणि शिकवताना वर्षभर हात मागं बांधून उभे राहिले. आता बाहेर काय चाललंय ते सांगायला दारात कुणी नाही. मला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही.

हा हवेचा आवाज. कॉम्प्रेसरची नळी लावली असणार, स्पार्क प्लग काढून. हवा आत मारायची, म्हणजे ती फटीतून सुटताना दाणा घेऊन सुटते. पुन्हा मारली. वहिनी, तुम्ही बसा, पदर सोडा हातातला, तो चुरगळतोय. बसा.

आता प्लग परत लावत असतील. मी काय बोलत होतो? आभार राहिलेत. मैत्री मॅडमचे मानले. कँटीनचे मानावेत की नाही ते पुढच्या दोन मिनिटांवर आहे.

स्टार्टरचा आवाज. ... नाही धरलं.

पुन्हा.

ऐका. ऐका, कुणी बोलू नका. धरलं. एक सिलिंडर चुकतोय, ऐकू येतंय ना, लंगडतंय. चुकतोय, चुकतोय... आणि आला. तिन्ही आले. मंडळी, तिन्ही आले.

टाळ्या नकोत. हात जोडतो, आत्ता टाळ्या नकोत. तुम्ही बाहेर धावू नये म्हणून मी माईक सोडणार नाही. आयुष्यभर या माणसानं इंजिनं पुढं पाठवली आणि सुरू झालेली कधी ऐकली नाहीत. काचेमागं कुणी तरी दुसऱ्यानं ऐकली. आज त्याला त्याचं ऐकू द्या. आपण इथंच बसून, त्याच्या मध्ये न येता, तेच ऐकू. घाई कुणालाच नाही. दुसऱ्या शिफ्टलाही नाही, मॅडमनी मान हलवलीय.

...

छान चाललंय. माझ्या हजार सीसीपेक्षा बारीक आवाज आहे, पण छान आहे. डोळ्यात पाणी आलं तर तुम्ही बघू नका, माझ्या डोळ्याला सवय नाही.

आता उरकतो. अध्यक्षांनी मला वेळ दिला आणि तो परत मागितला नाही, त्यांचा मी ऋणी आहे. मॅडमनी शेड दिली, तुम्ही सगळ्यांनी लांब उभं राहून हात आवरले, बुद्धरत्नांनी आज ते सोडले, सगळ्यांचे आभार. शाल-नारळ द्यायचा राहिला, तो गाडीच्या खिडकीतून देऊ. बोलताना माझ्याकडून कुणाचं नाव सुटलं असेल, कुणाला कमी-जास्त शब्द गेला असेल, तर मोशीच्या माणसाचं तोंड म्हणून सोडून द्या. ज्यांनी अक्षता टाकल्या त्यांना मी माफ केलं, पण गाडी गेटबाहेर जाईपर्यंत सगळ्यांनी हात खिशात ठेवावेत, ही विनंती.

आणि सुभद्रावहिनी, हिंदुराव काही आता या खुर्चीवर येत नाहीत. ते स्टेअरिंगवर बसलेत, इथून आवाजावरून कळतंय, हळूहळू ॲक्सिलरेटर देतायत. शेजारचं दार त्यांनी उघडं ठेवलं असेल. उठा वहिनी, तुम्ही पुढं व्हा. आम्ही मागनं येतो, चालत.